निवळू दे: घाटमाथ्यावरचे आठ दिवस

२३ जुलै, बुधवार

कर्जतला गाडी थांबली तशी डब्यातली निम्मी माणसं वड्यासाठी खाली उतरली. मी जागेवरच बसून राहिले. थोड्या वेळानं मागून एक बारीकसा धक्का आला. बँकर लागले. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे हे सगळं लहानपणापासून पाठ आहे. बोरघाटाचा चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे सरकलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाला एकट्याला तो ओढवत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं, म्हणजे हे बँकर, जोडतात आणि ती मागून ढकलत लोणावळ्यापर्यंत आणून सोडतात. १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला. डब्यात बसलेल्याला ती मागची इंजिनं दिसत नाहीत, तेवढा धक्का कळतो.

मी निघाले होते आठ दिवसांच्या मौनाच्या रिट्रीटला. वसईच्या आमच्या धर्मग्रामात रिट्रीट नवी नाही. उपवासकाळात दर वर्षी होते, मांडव पडतो, प्रवचनं होतात, गाणी होतात. त्या गाण्यांत वीस वर्षं माझा आवाज पुढे असायचा. पण तिथे बोलणं थांबत नाही. ही रिट्रीट वेगळी होती. येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी घालून दिलेली आध्यात्मिक साधना, दिवसाला चार-पाच तास एकट्यानं प्रार्थना, दिवसातून एकदा मार्गदर्शक फादरांशी अर्धा तास बोलणं, आणि बाकी सगळा वेळ गप्प.

जाण्याचं कारणही सांगून टाकते. मुलगा कॅनडात आहे. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. वाडी विकावी आणि मी तिकडे यावं असं मुलाचं म्हणणं. वाडीसाठी विचारणा होतच असते, कागद तयार व्हायला वेळ लागत नाही. सही करायची की नाही, हे मला देवाला विचारायचं होतं. विचारून झालंही होतं, नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, केल्या होत्या, वेलंकनी मातेच्या नावानं मेणबत्त्या लावल्या होत्या. उत्तर ऐकायला मात्र मी कधी बसले नव्हते.

घर घाटमाथ्यावर, धुक्यात. अकरा जण होतो. सहा सिस्टर्स, दोन ब्रदर, एक तरुण धर्मगुरू, एक निवृत्त बँक अधिकारी आणि मी. मोबाइल एका लाकडी खोक्यात ठेवायला सांगितला. रात्री नऊला घंटा झाली. तिथून पुढे बोलायचं नाही. ताट पुढे करताना, आमटी हवी का विचारताना, जिन्यात समोरासमोर आल्यावरही नाही.

२४ जुलै, गुरुवार

फादर पंचाहत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत जरा तिरके बसणारे. मी पहिल्या भेटीला वही घेऊन गेले. चौतीस वर्षं शिक्षिका होते, वही हातात असल्याशिवाय मला शिकता येत नाही. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, रात्री झोप लागली का?"

"नाही, फादर."

"मग आज झोपा. आजची प्रार्थना तीच."

मला ते पटलं नाही. आठच दिवस हातात, त्यातला एक झोपून काढायचा? मग त्यांनी बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट काढली. होरेब डोंगरावर वादळ आलं, भूकंप आला, आग आली, त्यांतल्या कशातही परमेश्वर नव्हता, आणि त्यानंतर शांत, मंद वाणी आली, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. ही गोष्ट मी मुलांना दर वर्षी शिकवत आले. पण त्याआधीचं पान? एलिया जीव वाचवायला रानात पळालेला, झुडपाखाली बसून मरण मागत होता. तिथे देवदूत येतो तो काही उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवायला सांगतो. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल, आणि मग ती वाणी.

"थकलेल्याला ऐकू येत नाही," फादर म्हणाले.

दुपारी दोनला आडवी झाले ती संध्याकाळच्या मिस्साच्या, म्हणजे चॅपलमधल्या उपासनेच्या, घंटेलाच उठले. उठल्यावर कळलं की गेल्या कित्येक महिन्यांत मी अशी झोपले नव्हते.

२५ जुलै, शुक्रवार

आज पहाटे साडेपाचला चॅपलमध्ये बसले. पवित्र साक्रामेंताजवळचा, म्हणजे तिथे जपून ठेवलेल्या पवित्र भाकरीजवळचा, लाल दिवा, पत्र्यावर पाऊस, बाकी काही नाही. पाच मिनिटांत डोक्यात जो गोंगाट सुरू झाला, तो प्रामाणिकपणे लिहिते. वीज बिल भरलं का. गेल्या नाताळात गायकवृंदात कुणी काय टोमणा मारला. टोमण्याला मी काय उत्तर द्यायला हवं होतं. ते उत्तर मी पुन्हा पुन्हा घोळवलं, त्यात सुधारणा केल्या. मग गाण्याची एक ओळ, तीच ती, रेकॉर्ड अडकावी तशी. मग पुन्हा बिल.

भेटीत हे सांगताना लाज वाटली. फादर म्हणाले, हा आवाज इथे आल्यावर सुरू झालेला नाही. तो रोजच चालू असतो, बाहेरच्या आवाजात झाकलेला. आज झाकण निघालं एवढंच.

मग त्यांनी एक साधी गोष्ट करायला दिली. व्हरांड्यात बसायचं आणि कानावर येतील ते आवाज नुसते ऐकायचे. कुठला आवाज कशाचा, हे ठरवायचं नाही. ही रीत या डोंगरांत अनेकांनी शिकलेली आहे. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी १९७३ साली पुण्यात 'साधना' ही संस्था सुरू केली आणि पुढे ती लोणावळ्याला आणली. श्वास, आवाज, अंगाला होणारे स्पर्श यांकडे लक्ष देत प्रार्थनेत उतरायला ते शिकवत. त्यांच्या लेखनाबद्दल १९९८ साली व्हॅटिकननं सावधगिरीची सूचना काढली, हेही खरं. मला त्या वादात शिरायचं नाही, तेवढा माझा अधिकारही नाही. आपल्या मुलखाला हे नवंही नाही. इथून फार दूर नसलेल्या भंडारा डोंगरावर तुकोबा एकांतासाठी जाऊन बसत.

मी बसले. पागोळ्या. कावळा. स्वयंपाकघरात भांडं पडलं. आणि घाटातून गाडी. मला नाव न देता ऐकताच येईना. ही चढणारी, जड घुमते, मागे बँकर आहेत. ही उतरणारी. ही मालगाडी. तासभर मी गाड्याच ओळखत होते. पण शेवटी शेवटी, एक गाडी आली आणि गेली, आणि ती कुठली हे मी ठरवलं नव्हतं हे मला गाडी गेल्यावर कळलं. इतकाच क्षण. त्या क्षणात मी फक्त ऐकत होते.

वहीत त्या दिवशी काही लिहिलं नाही.

२६ आणि २७ जुलै

हे दोन दिवस कोरडे गेले. २६ जुलैला संत योआकिम आणि हन्ना यांचा सण असतो, म्हणजे मरियेचे आईवडील, येशूचे आजीआजोबा. आणि २६ जुलै म्हटलं की आमच्या पट्ट्यात कुणालाही २००५ आठवतं. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि मला वसईच्या घराची काळजी लागून राहिली. मोबाइल खोक्यात. एकदा खोक्यापर्यंत जाऊन परत आले. रविवारी पावसाळी पर्यटकांची झुंबड उडाली, रस्त्यावरून हॉर्न आणि गाड्यांतली गाणी दिवसभर वर येत राहिली.

प्रार्थनेत काहीच नव्हतं. गोंगाटही ओसरला होता आणि त्याच्या जागी काही आलं नव्हतं. घड्याळ पाहायचे तर चाळीस मिनिटं झालेली असत, वीस उरलेली. उठून जावंसं वाटे. यावर इग्नातींनी जे सांगून ठेवलंय ते मला फार माणसाळलेलं वाटलं. कोरड पडली की तास कमी करू नका, उलट ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसा. मी रोज दोन मिनिटं जास्त बसले. त्या दोन मिनिटांत काही घडलं असं नाही. पण उठताना आपण पळून गेलो नाही एवढं मनात असायचं.

दुसरं एक त्यांनी सांगितलंय आणि ते मला पुढे उपयोगी पडलं: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी रविवारी संध्याकाळी फादरांना म्हटलं, "मला वाटतं, देऊन टाकावी वाडी." ते म्हणाले, "आज नाही."

जेवणाबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे मला अनपेक्षित काही मिळालं. आम्ही अकरा जण लांब टेबलावर न बोलता जेवायचो. पहिल्या दिवशी ताटांचा आवाजच अंगावर आला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत समोरच्या सिस्टरांना मीठ हवंय हे त्यांच्या हातावरून कळायला लागलं. बँकेतले गृहस्थ डाव्या हातानं पेला धरत, उजवा थरथरायचा. त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते, आणि रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते.

२८ जुलै, सोमवार

फादरांनी आज योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय दिला. शोमरोनी स्त्री आणि याकोबाची विहीर, येशू तिच्याकडे पाणी मागतो तो प्रसंग. इग्नातींच्या साधनेत असा प्रसंग वाचून त्यावर विचार करत बसायचं नसतं, प्रसंगात जायचं असतं. जागा डोळ्यांसमोर उभी करायची, ऊन, वास, आवाज, माणसं. मग आपण तिथे कुठे आहोत ते पाहायचं. "विहीर तुमच्या ओळखीची घ्या," फादर म्हणाले.

मी सूखार गावातली विहीर आणायचा प्रयत्न केला. चित्रातली विहीर येई, बायबलमागच्या रंगीत पानांवरची. मग एकाएकी आमचं बावखल आलं.

वसईबाहेरच्यांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, समुद्राचं खारं पाणी आत सरकू देत नाही. त्याच्या जिवावर उन्हाळ्यात केळी जगत, पानवेली जगत. आमच्या घरामागे एक होतं. उतरायला माडाच्या खोडाच्या पायऱ्या, शेवाळानं हिरव्या झालेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई तिथून पाणी आणत. पितळी कळशी. वाकून आधी तळहातानं पाण्यावरची पानं बाजूला सारत. त्यानं पाणी हलायचं, तळाचा गाळ वर यायचा. मी लगेच कळशी बुडवायला जायचे. सासूबाई हात धरत. "थांब. निवळू दे." आणि आम्ही दोघी वाकून उभ्या राहत असू, काही न बोलता, पाणी स्थिर होईपर्यंत. खंड्या एखादा सूर मारून जायचा. मग कळशी तिरकी करून, आवाज न करता आत.

तेच बावखल दिसलं. भर दुपार. काठावर, शेवटच्या पायरीवर, येशू बसलेला, चालून थकलेला. पायांना धूळ. चेहरा मी नीट पाहिला नाही, पाय पाहिले. माझ्या हातात सासूबाईंची कळशी होती. तो म्हणाला, "मला पाणी दे."

आणि मी वाकले तर खाली पाणी नव्हतं. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, आणि मधोमध मोरीची एक फुटकी निळी टाइल.

२०११ साली आम्ही ते बावखल बुजवलं. डास होतात, कुणी पोर पडेल, नळ आलाय, आता कोण वापरतं. जवळच इमारत उठत होती, तिचा राडारोडा फुकट मिळत होता. नऊ दिवस ट्रक येत होते. ह्यांची तब्येत तेव्हापासूनच बरी नव्हती, त्यामुळे कागदावर सही माझी. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या म्हणून बरं, असं मी तेव्हा म्हटल्याचं मला आठवतं. २०१८च्या जुलैत पूर आला तेव्हा घरात गुडघाभर पाणी होतं आणि ते ओसरायला दिवस लागले. जाणार कुठे? जिथे जायचं ती जागा आम्ही भरून टाकली होती. हे मला तेव्हाही समजत होतं. पण ते मी कधी प्रार्थनेत आणलं नव्हतं, कारण प्रार्थनेत काय आणायचं ते मीच ठरवत आले होते.

तास संपल्याची घंटा झाली ती ऐकू आली नाही. कुणीतरी शेजारी रुमाल ठेवून गेलं होतं.

फादरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते अर्थ सांगतील. पापक्षमेबद्दल बोलतील, किंवा पर्यावरणाबद्दल. ते काही बोलले नाहीत. मार्गदर्शकानं तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, निर्माता आणि त्याचं लेकरू यांच्यामध्ये येऊ नये, ही त्यांच्या गुरूची, इग्नातींची, शिकवण, आणि ते तिला जागले. इतकंच म्हणाले, "उद्या नवीन पान उलटू नका. तिथेच परत जा."

२९ जुलै, मंगळवार

आज संत मार्था, मरिया आणि लाजरस यांचा स्मरणदिन. मिस्साला वाचन आलं ते येशू त्यांच्या घरी पाहुणा येतो तेच. मरिया पायांशी बसून ऐकते, मार्था कामानं वेढलेली, आणि शेवटी येशूकडेच तक्रार करते की माझी बहीण कामाला हात लावत नाही.

मी कायम मार्थेच्या बाजूची. पन्नास माणसांचं जेवण कुणी रांधायचं होतं, असं मी धर्मशिक्षणाच्या वर्गातही म्हणायचे. आज ऐकताना वेगळीकडे लक्ष गेलं. येशू तिला दोनदा हाक मारतो. "मार्था, मार्था." ज्याच्या डोक्यात गोंगाट असतो त्याला एक हाक पुरत नाही. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलालाही रात्री पुन्हा पुन्हा देवाची हाक आली, आणि प्रत्येक वेळी तो म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला. पोराला वाटत होतं म्हातारा बोलावतोय. शेवटी एलीनं त्याला सांगितलं: पुन्हा हाक आली तर जागेवरच राहा आणि म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे.

दुपारी बावखलावर परत गेले. फुटकी टाइल तिथेच होती. तोही होता, त्याच पायरीवर. मी माफी मागायला सुरुवात केली, लांबलचक, कारणांसकट. मग सासूबाईंचा हात मनगटावर जाणवला. थांब, निवळू दे. मी थांबले. आम्ही दोघं त्या भरावाच्या काठावर बसून राहिलो. तो रागावला नव्हता. तो तहानलेला होता.

हे लिहिताना मला जपून लिहायचंय. कानांनी मी काही ऐकलं नाही. तो आवाज नव्हता. पण त्या तासानंतर एक गोष्ट माझ्यात राहिली ती आजवर गेलेली नाही. चाळीस वर्षं मी देवापुढे मागण्या घेऊन जात आले. नवऱ्याची तब्येत, मुलाचा व्हिसा, पाऊस, परीक्षा. त्यात काही वाईट नाही, त्यानंच मागायला सांगितलंय. पण त्यालाही माझ्याकडे काही मागायचं असेल, आणि माझी यादी संपायची वाट पाहत तो बसून असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. शुभवर्तमानात तर ते उघड लिहिलंय. त्या बाईशी बोलणं सुरू होतं तेच त्याच्या मागण्यानं.

आमच्या सासूबाई चर्चहून आल्या की म्हणायच्या, "मिस्सा ऐकून आले." त्यांच्या पिढीत सगळे तसंच म्हणत. प्रार्थना म्हणायची, रोजरी म्हणायची, पण मिस्सा ऐकायची. तो शब्द आमच्या घरात होताच. आम्ही नंतर "मिस्साला गेले" म्हणू लागलो.

३० जुलै, बुधवार

आता मात्र मी सहीचा विषय काढला. फादरांनी इग्नातींची सुरुवातीची गोष्ट सांगितली, जी मला अर्धीच माहीत होती. १५२१ साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी ते महिनोन्‌महिने अंथरुणावर होते. वेळ घालवायला दोन तऱ्हेची स्वप्नं बघत: एकदा दरबारातल्या पराक्रमाची, एकदा संतांसारखं जगण्याची. दोन्ही बघताना सारखीच गोड. फरक मागाहून कळे. पहिलं ओसरलं की मन कोरडं पडे, दुसरं ओसरलं तरी आत उजेड राही. तिथून त्यांनी ऐकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मानरेसाला जाऊन राहिले, आणि तिथे जे अनुभवलं त्यातून ही साधना लिहिली गेली.

"चव बघा," फादर म्हणाले. "घास घेतानाची नाही. नंतर जिभेवर काय उरतं ती."

म्हणून मी सकाळचा तास कॅनडात घालवला. नातीला शाळेत सोडलं, बर्फ पाहिला, सुनेला पानमोड्या करून घातल्या. छान वाटलं. नंतर जे उरलं ते पाहुणी म्हणून राहिल्याचं. दुपारचा तास वाडीत घालवला, मरेपर्यंत मी इथेच, असं म्हणून. आणि मला धक्का बसला, कारण तिथेही नंतर कोरडच उरली. वाडीत राहण्यात माझं प्रेम जेवढं होतं त्याहून हट्ट जास्त होता. दोन्ही चित्रांत मी एकटीच बोलत होते.

फादर म्हणाले, दोन्ही कळलं हे पुष्कळ झालं. मन भरून आलेलं असतानाही लगेच ठरवू नये, त्या भरात आपलंच बोलणं देवाचं वाटायला लागतं.

संध्याकाळी त्यांनी शिकवलेली एक रीत केली. प्रभूची प्रार्थना, पण एका श्वासाला एकच शब्द. पुढचा शब्द पुढच्या श्वासाला. ज्या प्रार्थनेला मला अर्धं मिनिट लागतं तिच्यातले चार शब्द ओलांडायला आज पाव तास लागला: आमची. रोजची. भाकर. आज. "आमची" या शब्दावर मी बराच वेळ थांबले. माझी नव्हे, आमची. त्यात मुलगाही आला.

३१ जुलै, गुरुवार

आज संत इग्नातींचा सण. सकाळच्या मिस्सानंतर मौन सुटलं. नाश्त्याला एकदम गलका झाला, सिस्टर्स हसत होत्या, आणि मला शब्द सापडेनात. बँकेतले गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही रोज मीठ माझ्या डाव्या हाताला ठेवत होता." त्यांना दुखणं सांगायचं होतं, सांगितलं. मी ऐकलं.

मोबाइल मिळाला. चालू केला आणि न बघता पिशवीत टाकला.

उतरताना गाडी वेगळी चालते. घाटात ठिकठिकाणी ब्रेक तपासायला थांबते. मंकी हिलला थांबली तेव्हा बाहेर दरीत फक्त ढग आणि पाण्याचा आवाज होता. डब्यात कुणीतरी वैतागून म्हणालं, "आता काय झालं?" काही झालं नव्हतं. गाडी खाली नेण्याआधी थांबवून बघायची असते.

३ ऑगस्ट, रविवार

घरी येऊन तीन दिवस झाले. पहाटे अर्धा तास बसते. गोंगाट आहेच. कधी अर्धा तास नुसताच जातो.

रात्री मुलाचा फोन आला. एरवी तो दोन वाक्यं बोलला की मी सुरू होते. आज त्यानं कागदांचं विचारलं, दर सांगितला, मग थांबला. मीही थांबले.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "त्या पुरात तीन दिवस तुमचे दोघांचे फोन लागत नव्हते. इथे मला काही करता येत नव्हतं. आणि आता तर तू एकटी." आवाज जड झाला होता. सात वर्षांत हे तो मला पहिल्यांदा सांगत होता. का पहिल्यांदाच, ते मला माहीत आहे. वाडीचं अजून काही ठरलेलं नाही. सही मी केलेली नाही आणि त्याला नाहीही म्हटलेलं नाही. घरामागचा भराव किती खोल आहे, तो उपसता येईल का, हे मी एका ओळखीच्या माणसाला विचारलंय, आणि ते मुलालाही सांगितलं.

फोन ठेवला आणि टॉर्च घेऊन मागे गेले. पाऊस नुकताच थांबला होता. दर पावसाळ्यात त्या जागेवर पाणी साचतं, टाचा बुडतील एवढं, बावखलाच्याच आकाराचं. बेडूक ओरडत होते. वरून पानं पडलेली. मी वाकले, तळहातानं पानं बाजूला सारली. गाळ वर आला, टॉर्चच्या उजेडात काही दिसेना. टॉर्च बंद केला आणि तिथेच उभी राहिले.